हात फिरवलेला चेहरा

आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. ओळखपत्राचे फोटो, बाळांचे फोटो, गेलेल्या माणसांचे फ्रेममधले फोटो. गिऱ्हाईक स्टुलावरून उठेपर्यंत बाबा संगणकावर त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवतात. तीळ, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं जातं. कोणाला विचारत नाहीत. एका पहारेकऱ्याच्या कपाळावरचा व्रण काढला, तर त्याला त्याच्याच फाटकातून आत सोडेनात. तरी सवय गेली नाही.

आणि याच माणसाच्या पोटी मी जन्मले.

मला मुरुम होते असं म्हणणं म्हणजे घरात पूर शिरल्यावर जरा ओल आलीय म्हणणं. गालांवर, हनुवटीवर, पाठीवर नुसत्या गाठी. आत पू, वर ठणका. गाल उशीला लागला तरी जीव जायचा. कॉलेजात मी पहिल्या बाकावर बसायचे, म्हणजे मागच्यांना फक्त वेणी दिसेल. आत्या म्हणायची, "तोंड धूत जा गं." मी इतकं धुवायचे की साबणालाच माझी कीव यावी. शेजारच्या काकू म्हणायच्या, "लग्न झालं की जातात." त्याआधी कोणीतरी हो म्हणायला हवं, हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी आईबाबा मला दूरच्या शहरात त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या. "हा मळ नाही. कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी तुंबतात आणि खोलवर सूज येते. धुऊन जाणार नाही. घरात कोणाला होतं?"

"छे," बाबा दाढी खाजवत म्हणाले.

डॉक्टरांनी गोळ्या आणि मलम दिलं. "याने उतार पडला नाही तर वेळेत जोराचं औषध द्यावं लागेल. उशीर झाला की खड्डे पडतात, आणि ते कायमचे. लांबून येता, तर दर महिन्याला फोटो पाठवा. फोटो चांगला हवा."

चांगला फोटो! आमच्या घरात!

दर महिन्याला बाबा मला स्टुलावर बसवायचे, फोटो काढायचे आणि पाठवायचे. मी ते बघत नव्हते. तेव्हा मी आरसाही बघत नव्हते. डॉक्टरांचं उत्तर यायचं, "छान सुधारणा. तेच औषध चालू ठेवा." मला वाटलं, बाईंना दिसत नसावं. इकडे गाठीवर गाठ येत होती.

"बाबा, सांगा ना त्यांना, काही फरक नाहीये."

"अगं, एवढ्या शिकलेल्या आहेत त्या," बाबा माझ्याकडे न बघता म्हणायचे.

मग डाव्या गालावरची एक गाठ बसली आणि तिथे खड्डा राहिला. बोट लावलं की लागायचा. मी इतकी घाबरले की दुसऱ्याच दिवशी आईबाबांना ओढत डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "ही धाकटी का?"

"मी एकुलती एक आहे," मी म्हटलं.

त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिथे एक गुळगुळीत गालांची मुलगी बसली होती. माझेच कान, माझाच ड्रेस. हनुवटीवर तेवढ्या दोन पुटकुळ्या.

"सगळं नव्हतं काढलं," बाबा म्हणाले.

"बाबा! इथे माझा गाल सडतोय आणि तुम्ही तो पुसत बसलात? एवढी लाज वाटते माझी?"

"लाज नाही गं. बघवत नाही. फोटो उघडला की हात थांबतच नाही." मग ते टेबलाकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, घरात कोणाला होतं का, विचारलं होतंत. मला होतं. भयंकर."

"दाढीखाली?"

"दाढीखाली."

आईने माझी फाइल डॉक्टरांपुढे सरकवली.

रक्त तपासून जोराचं औषध सुरू झालं. ओठ फाटले, डोळे कोरडे पडले. औषध चालू असताना दिवस राहता कामा नयेत, असं डॉक्टरांनी बजावलं, त्यामुळे काकूंचा उपाय आपोआप बाद झाला. पुढचा फोटो काढताना बाबांनी दिवा एका बाजूला घेतला, म्हणजे प्रत्येक गाठीची सावली पडेल. पाठवायचं बटण मला दाबायला लावलं.

दुसऱ्या दिवशी ते दाढी काढून स्वयंपाकघरात आले. दोन्ही गालांवर खड्डेच खड्डे. निकाल ऐकायला आल्यासारखे आईसमोर उभे राहिले.

"इतकी वर्षं लपवलं तुझ्यापासून."

आई चहा गाळत होती. "हाताला लागतं की. पहिल्यापासून माहीत आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढी खटपट करत होतात. म्हटलं, कशाला."

औषध संपलं. गाठी गेल्या. डाव्या गालावर तीन खड्डे राहिले, ते बाबांच्या त्या फोटोंचे. अजूनही कधी कधी मला त्यांचा संताप येतो, खोटं कशाला बोलू.

परवा नोकरीच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला. बाबा संगणकासमोर बसले आणि हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "काढू?"

"नको."

"बरं."

त्यांनी फोटो छापला आणि खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. कागद गुळगुळीतच होता. मग त्यांनी तोच अंगठा माझ्या गालावर टेकवला.

"दुखतं?"

"नाही आता," मी म्हटलं.