गोळी घाण लागते का?

"मी हात जास्त धुवू लागली की नुसती पाहत नको राहू वं. सरळ विचार, 'ताई, गोळी घाण लागते का?' मग मी खरं सांगीन."

माझ्या मोठ्या जाऊबाई, भैरवीताई, मनाच्या आजारातून बऱ्या होऊन दवाखान्यातून घरी आल्या त्या आठवड्यात हे बोलल्या होत्या. मी लेकीला खिचडी भरवत होते. "हो हो, विचारीन," म्हटलं आणि विसरले. फ्रिजवर डॉक्टरांचा कागद होता ना! आजार उलटण्याआधी काय दिसतं, दिसलं तर फोन कुणाला करायचा, सगळं त्यात होतं. झोप, जेवण, गोळ्या. रोज तीन खुणा करायच्या.

तो कागद भरताना मी तिथेच होते. डॉक्टरांनी ताईंना विचारलं, "सगळ्यात आधी काय बदलतं?"

"हात," ताई म्हणाल्या.

सासूबाई लगेच मध्ये पडल्या. "आमच्याकडे सोवळं असतं, डॉक्टर. हात धुणं काय आजार झाला? झोपत नाही ती, ते लिहा."

डॉक्टरांनी तेच लिहिलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आठ दिवस आधीपासून ताई धूतच होत्या. ओटा, पाट, भाज्या, पुन्हा ओटा. कोपरापर्यंत कातडी फुटलेली. आल्यागेल्याला सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "आमच्या भैरवीसारखं सोवळं आजकाल कोण पाळतं?" मला त्या हातांना साबणाचा आणि ओल्या जखमेचा वास यायचा. ताईंनी वाढलेली वाटी मी लेकीपासून हळूच लांब सरकवायचे. विचारलं मात्र नाही. खुणा रोज होत होत्या, गोळ्यांची पाकिटं रिकामी होत होती.

पुरणाच्या दिवशी न्हाणीतून लेकीचा टाहो ऐकू आला. ताई तिचे तळहात काथ्यानं घासत होत्या. लालभडक झाले होते. मी तिला ओढून घेतलं आणि ओरडले, "शी! किळस येते तुमची!"

हातातला काथ्या तसाच धरून ताई म्हणाल्या, "मलेही येते."

तेव्हा मला बेसिनची जाळी दिसली. पांढरा, चिकट लगदा. ताई गोळी गिळण्याआधी नळाखाली धूत होत्या, पार विरघळेस्तोवर. किती दिवस, कोण जाणे. तो लगदा मी बोटांनी खरवडून लेकीच्या खाऊच्या डबीत भरला.

"नैवेद्य होऊ दे, मग ने तिला," सासूबाई दारात आडव्या उभ्या. "सवाष्णी यायच्या आहेत. लोकं काय म्हणतील?"

पुरणाचा तो वाससुद्धा मला नको झाला. लेकीला कडेवर घेतलं आणि ओल्या लुगड्यातल्या ताईंना ऑटोत बसवलं.

डॉक्टरांनी डबी उघडली. मग म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं. बाहेर चाळीस जण बसले होते. ज्यांचा आवाज मोठा, त्यांचं मी लिहिलं."

मला त्यांच्या पेनाचीही शिसारी आली. स्वतःची जास्त.

महिन्याभरानं नवा कागद भरताना डॉक्टरांनी पेन ताईंच्या हातात दिलं. "रोजच्या खुणा ठेवायच्या ना?"

"खुणा तुमच्या कामाच्या," ताई म्हणाल्या. "मले कोणी विचारलेलं पाहिजे."

आता रोज संध्याकाळी मी विचारते. "घाण लागते," ताई म्हणतात, "पण गिळली. तुझ्या खिचडीपेक्षा बरी आहे वं!" ज्या दिवशी ताई नुसत्या गप्प बसतात, त्या दिवशी मी लगेच डॉक्टरांना फोन लावते.

तुमच्याकडेही असं कुणी दवाखान्यातून परत आलं असेल. तुमचं लक्ष नसताना तिनं काही सांगून ठेवलं असेल. आठवा ते. आणि आजच जा तिच्याकडे. फ्रिजवरचा कागद पाहून परत फिरू नका, तिलाच विचारा.