महासंघाचा माणूस

टीमानने बूट काढले नाहीत. फाटकाच्या आत, पाइनच्या झाडांखाली कपडे अडकवायच्या खुंट्या होत्या. तिथे येऊन तो थांबला, टोपी तेवढी काढली आणि ती काखेत धरून तळ्याकडे बघत राहिला.

"ऊन छान पडलंय," हेडविग म्हणाली. "सभा कुरणावरच घेऊ. कपडे ठेव इथं आणि चल."

"मी असाच ठीक आहे. तुम्ही व्हा पुढे."

त्या 'तुम्ही'ने ती चपापली. या फाटकाच्या आत न्यायाधीश असो की गवंडी, सगळे एकमेकांना 'तू' म्हणत. कपड्यांबरोबर हुद्दाही खुंटीला टांगायचा, असं नव्या सभासदांना हसत हसत सांगणारा एकेकाळी टीमानच होता. इथेच चेंडू खेळताना त्याचा खांदा निखळला होता आणि डॉक्टर आर्टुर लोवीने तो गवतावरच जागी बसवला होता.

बर्लिनच्या उत्तरेला, या तळ्याकाठी हेडविगने विवस्त्र वावरणाऱ्यांचं हे मंडळ उभं केलं होतं. उघड्या अंगाने पोहणाऱ्यांवर गावच्या पाद्र्याने खटला भरला, तेव्हा अशा मंडळांच्या राष्ट्रीय महासंघानेच वकील धाडला होता. महासंघाचा हात पाठीवर होता, म्हणून पोलीस फाटकाबाहेर राहिले. पण यंदा, १९३३च्या वसंतात, नव्या सरकारने जुना महासंघ मोडीत काढला आणि त्याच्या जागी आपला उभा केला. टीमान आज त्याच्या वतीने आला होता.

मंडळात ज्यू सभासद दोनच, आर्टुर आणि त्याची बायको सेल्मा. सकाळी पंपापाशी आर्टुरने हेडविगला विचारलं होतं, "आम्ही आज थांबू नये असं वाटत असेल, तर सांग."

"वेडा आहेस का? मी आहे ना. मी बोलेन."

कुरणावर सगळे गोल करून बसले होते. सेल्माने आंबटगोड रुबार्बचा केक कापून ठेवला होता. टीमान उभ्यानेच बोलू लागला.

"सरकारला तुमचं हे सगळं घाण वाटतं. किती मंडळांच्या जमिनी गेल्या, कानावर आलंच असेल. पण घाबरू नका. महासंघात या, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. अट एकच. सभासद आपल्या रक्ताचे हवेत."

मग ओस्कर बेकरीवाला खो खो हसला.

"म्हणजे आता फाटकावर नाकांची मापं घेणार का रे आमच्या?"

दोघेचौघे हसले. टीमानने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"नाव काय तुमचं?"

"नाव? अरे, मी ओस्कर! तुझ्या लग्नाचा केक मी..."

"पूर्ण नाव."

हसू जागच्या जागी विरलं. ओस्करने नाव सांगितलं, आडनावासकट, शाळेतल्या मुलासारखं. जरा वेळाने तो उठला, खुंट्यांकडे गेला आणि सदरा चढवून आला. टीमान बोलतच होता. मग एका न्यायाधीशांची विधवा उठली. मग आणखी कोणी. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, थंडीही नव्हती. ऊन तसंच लख्ख होतं. माणसं जात होती आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावून परतत होती.

"अध्यक्षांना काही म्हणायचंय?" टीमानने विचारलं.

हेडविग उभी राहिली. रात्रभर जुळवलेली वाक्यं जिभेवर होती. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. कपड्यांविना आता तिघंच उरली होती, लोवी नवरा-बायको आणि ती. आपण उघड्या आहोत, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या अंगाला कळलं. तिचे हात आपोआप छातीवर आले.

"सभासदांना... विचार करायला वेळ हवा," ती म्हणाली.

"जरूर. रविवारपर्यंत."

"रविवारपर्यंत," ती म्हणाली. आपण काहीतरी मिळवलं असं तिला क्षणभर वाटलं.

टीमानची गाडी गेली, तशी माणसंही पांगली. केकला कोणी हात लावला नव्हता. सेल्माने तो फडक्यात बांधून घेतला. हेडविगने तोवर झगा चढवला होता; केव्हा, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेली. बोलायचं खूप होतं, पण सुरुवात सापडत नव्हती.

आर्टुरनेच तिची सुटका केली.

"रविवारी आम्हाला जमणार नाही बघ," टायची गाठ सारखी करत तो म्हणाला. "सेल्माची बहीण यायचीय."

सेल्मा रस्त्याकडे बघत होती. ती एकुलती एक आहे, हे हेडविगला चांगलं ठाऊक होतं.

"हो का?" हेडविग म्हणाली. "बहिणीला माझा नमस्कार सांग."