खालच्या पाखाडीचं पाणी

मनस्विनी मूळची देवरूखची. रसायनशास्त्रात पदवी घेऊन दोन वर्षं तिनं कॉलेजात प्रात्यक्षिकं शिकवली आणि २००१ साली रत्नागिरीच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत कंत्राटावर लागली. ठरलेल्या विहिरींचं पाणी दर दोन महिन्यांनी आणायचं, तपासायचं आणि अहवाल वरच्या सहीसाठी ठेवायचा, असं काम. त्या विहिरींतली एक जयगडच्या बाजूला, खाडीकाठच्या खालच्या पाखाडीत होती. पाखाडी म्हणजे अकरा घरांची वस्ती. एसटी वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर सोडायची, तिथून जांभ्याच्या पायऱ्या उतरून खाली जावं लागे.

विहीर हफीजाचाचींच्या अंगणाला लागून होती. त्यांच्या सासऱ्यांनी गलबतावरची तांडेलकी सोडल्यावर ती खणून घेतली होती आणि अख्खी वस्ती तिच्यावरच पाणी भरत होती. चाची साठीला आलेल्या, नवरा वारलेला. एकुलता मुलगा अनस मस्कतला होता आणि घरात सून महरीन.

मनस्विनी पहिल्यांदा गेली तेव्हा, नोव्हेंबरात, तिनं बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली हे बघून चाची हसल्या. "काय गो बाय, आमचं पाणी एवढं घाण वाटलं?"

"घाण नाही हो चाची. बाटलीतलं आधीचं काही राहू नये म्हणून."

"पाणी गोडंच हाय. पण हल्ली डाळ शिजत नाय नीट. बघ काय ते."

प्रयोगशाळेत क्लोराइड, म्हणजे पाण्यातल्या खारेपणाचं माप, साठ निघालं. लिटरमागे साठ मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण शेजारच्या बोअरचं पाणी तिनं सहज म्हणून आणलं होतं, त्यात तेच आठशेच्या वर होतं. ही बोअर अनसनं दोन वर्षांपूर्वी मारून दिली होती, एकशे ऐंशी फूट. तिच्यावर पंप बसवून त्यानं अकराही घरांच्या दारात नळ नेले होते. बोअर पहिल्या वर्षी गोडी होती, मग मचूळ झाली. आता लोक ते पाणी धुण्याभांड्याला, माडांना आणि गुरांना वापरत आणि पिण्याचं विहिरीतून काढत.

जानेवारीत विहिरीचा आकडा दोनशे दहा झाला. चाचींनी विचारलं तेव्हा मनस्विनी म्हणाली, "वाढलंय, पण मर्यादेत आहे अजून. अडीचशेपर्यंत चालतं."

"म्हणजे प्यायला हरकत नाय?"

"नाही, हरकत नाही."

महरीन तिथंच कपडे वाळत घालत होती. तिला तिसरा महिना होता, हे चाचींनी मनस्विनीला आपणहून सांगितलं. अनस दिवाळीनंतर येऊन गेला होता आणि आता बाळाच्या वेळेला पुन्हा येणार होता.

मार्चमध्ये आकडा सहाशे चाळीस आला. मनस्विनीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं सोडत ती पिवळं पाणी विटकरी व्हायची वाट बघत होती आणि ते होता होत नव्हतं. जितके थेंब जास्त, तितकं मीठ जास्त. आकडा तोच. अहवालात तिनं 'पिण्यास शक्यतो टाळावे' असं लिहिलं. सही होऊन तो पाखाडीत पोचायला एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडला. तोवर काळजीनं तिनं मधेच एक जादा खेप करून पाणी आणलं होतं आणि आकडा अकराशेवर गेला होता.

अहवाल पोचवायला ती गेली तेव्हा तिला महरीन दिसली ती उंबऱ्यावर बसलेली. पाय सुजलेले, चेहरा फुगलेला. चाची म्हणाल्या, "रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईनं बीपी सांगितलंय. मीठ बंद. मी तिचं कालवण वेगळं करत्ये, बिनमिठाचं. भाकरीतसुद्धा मीठ घालत नाय."

एसटीत बसल्यावर तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. अकराशे क्लोराइड म्हणजे लिटरमागे जवळजवळ पावणेदोन ग्रॅम मीठ. उन्हाळ्यात बाई अडीच-तीन लिटर पाणी पिणार. म्हणजे रोज चमचाभर मीठ नुसत्या पाण्यातून. ती पुढच्या थांब्यावर उतरली, उलट दिशेची गाडी धरून परत गेली आणि पायऱ्या जवळजवळ धावत उतरली.

"चाची, महरीनला हे पाणी देऊ नका. अजिबात नाही. टँकरचं द्या, नाहीतर वरच्या वाडीतून आणा."

चाचींना आधी कळेना. कळल्यावर त्यांनी भरलेली कळशी तशीच उचलून माडाच्या बुंध्यात ओतली. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी पायऱ्या चढून वर जात. वर भास्करकाकांची आंब्याच्या कलमांची बाग होती. त्यांची विहीर अजून गोडी होती, त्यांनी दोन कळश्या घेऊ दिल्या. चाचींचे गुडघे दुखत, पण त्यांनी एक दिवसही चुकवला नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात महरीनला झटके आले. जीपनं रत्नागिरीला नेईपर्यंत दोन तास गेले. ती वाचली. मुलगी झाली होती, सातव्या महिन्यातली, ती नाही वाचली.

मनस्विनीला ही बातमी एसटीच्या कंडक्टरकडून कळली. पाच-सहा दिवसांनी ती भेटायला गेली. मधल्या काळात वादळ होऊन गेलं होतं. वारा जबरदस्त सुटला, पाऊस मात्र चार थेंब पडला. सड्यावरचे विजेचे खांब आडवे झाले होते आणि पाखाडीत पाच दिवस वीज नव्हती. मनस्विनीनं पिशवीत सवयीनं बाटली टाकली होती. तिथे पोचल्यावर तिची तिलाच लाज वाटली आणि तिनं पिशवी दाराआड ठेवली.

महरीन आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. मनस्विनी शेजारी बसली. महरीन न वळता म्हणाली, "जानेवारीत तुम्ही सांगितलंत, हरकत नाही म्हणून."

"हो. सांगितलं होतं."

"त्या पाण्यानंच झालं का?"

"मला माहीत नाही, महरीन. डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पण ते पाणी तुझ्यासाठी बरं नव्हतं, एवढं मला माहीत आहे."

महरीननं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

निघताना चाचींनीच पिशवीतली बाटली पाहिली. "घेऊन जा बाय. आज पाणी जरा बरं लागतंय तोंडाला. खोटं नाय सांगत."

मनस्विनीला वाटलं, दुःखात माणसाला तोंडाची चव कळत नाही. पण आकडा सातशे वीस आला. अकराशेवरून सातशे वीस, मेच्या मध्यावर, पावसाविना. दोन दिवस ती विचार करत राहिली. खाडीचा बांध फुटलाय म्हणून खारं पाणी शिरतं, असं पाखाडीतले सगळे म्हणत आणि तिनंही तेच धरून ठेवलं होतं. पण बांध तर तसाच फुटलेला होता, आणि बांधाजवळ राहणाऱ्या सगुणाची, माडांपुरती खणलेली डबक्याएवढी विहीर हिच्यापेक्षा कमी खारी होती. बदललं होतं ते एकच. पाच दिवस वीज नव्हती आणि पाच दिवस पंप बंद होता.

वीज आल्यावर आठवड्यानं ती पुन्हा गेली. आकडा हजार ऐंशी.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती चाचींना विहिरीच्या कठड्याशी घेऊन बसली. म्हणाली, "पावसाचं पाणी जांभ्यातून खाली मुरतं. त्याच्याखाली समुद्राचं खारं पाणी असतं. गोडं हलकं, म्हणून ते वर तरंगत राहतं. विहिरीला तेवढंच वरचं लागतं. पण बोअर खोल जाते. रोज पंप लावून गोडं उपसलं, की खालचं खारं वर चढतं. आधी बोअरमध्ये आलं, मग विहिरीत."

चाचींनी ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "कुठली बोअर?"

मनस्विनीची नजर पंपाकडे गेली.

"आमचीच ना?"

"वर भास्करकाकांच्या बागेतल्या दोन आहेत, पलीकडे बर्फाच्या कारखान्याची आहे. सगळ्यांचं मिळून झालंय, चाची. पण जवळची हीच."

"माझ्या पोरानं लोकांना पाणी मिळावं म्हणून मारली ती." चाची उठल्या. घरात जाऊन त्यांनी पंपाचं बटण बंद केलं, मग स्टुलावर चढून फ्यूज काढला आणि बाहेर येऊन तो खाडीच्या चिखलात भिरकावला. "अनसला यातलं काही कळवू नको. कधीच नाय."

पाखाडीतले लोक चिडले. शेजारची गोदा दारात येऊन म्हणाली, "मचूळ का होईना, नळाला पाणी होतं. आता माझ्या गुरांना काय दाखवू?" महिन्याभरात त्या गोदानंच घराच्या मागे नवी बोअर मारली. तिच्या पाठोपाठ आणखी दोघांनी.

मनस्विनी भास्करकाकांकडे गेली. ते भले गृहस्थ होते. त्यांनी तिला बसवलं, कोकमाचं सरबत दिलं, तिचे आकडे चष्मा लावून वाचले. "तुमचं खरं आहे, मला पटतंय," ते म्हणाले. "पण चारशे लहान कलमं आहेत. दोन उन्हाळे पाणी नाही मिळालं तर जातील. आणि मी थांबलो म्हणून कारखाना थांबणार आहे का? आधी त्यांना थांबवा, मी त्याच दिवशी बंद करतो."

कारखान्यात तिला फाटकातच अडवलं. तिनं प्रयोगशाळेत सविस्तर टिपण लिहिलं, नकाशा जोडला, पाच दिवसांच्या वीजबंदीचे आकडे जोडले. साहेबांनी ते वाचून परत दिलं. "पाणी तपासणं आपलं काम. उपसा थांबवणं नाही. 'कारण' या रकान्यात 'खाडीची समीपता' लिहा."

तिनं तसं लिहिलं नाही, रकाना रिकामा ठेवला. अहवाल छापून आला तेव्हा त्यात 'खाडीची समीपता' होतंच.

पावसाळ्यानंतर विहीर चारशेवर उतरली. चाचींना आशा वाटू लागली. त्या दर खेपेला पायऱ्यांपर्यंत सामोऱ्या येत आणि आधीचा आकडा विचारत. मार्चमध्ये तो पुन्हा नऊशे झाला. पुढच्या वर्षी जानेवारीतच नऊशे. भास्करकाकांची विहीरही तोवर मचूळ लागायला लागली. त्यांची कलमं पानांच्या कडेनं करपत होती आणि ते आणखी खोल बोअर मारायचा विचार करत होते.

अनस येऊन महरीनला मस्कतला घेऊन गेला. जाताना महरीननं सासूला मिठी मारली, पण विहिरीच्या अंगाला नजर वळवली नाही. चाची एकट्या राहिल्या. टँकर एक दिवसाआड सड्यावर येई. तिथून त्या एकेक कळशी खाली आणत.

२००४ च्या मेमध्ये मनस्विनी शेवटची गेली. तिचं कंत्राट संपत होतं. विहिरींची यादीही नव्यानं झाली होती. ज्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही तिची तपासणी कशाला, म्हणून खालची पाखाडी यादीतून वगळली होती.

तिनं हे सांगितलं तेव्हा चाची ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हणजे पुढच्या खेपेला तू येणार नाय?"

"मी नाही आणि दुसरंही कुणी नाही."

"आणि पाणी? परत गोडं होईल का गो कधी?"

मनस्विनीनं खोटं बोलायचा विचार केला. पण एकदा 'हरकत नाही' म्हणून झालं होतं. "सगळ्या बोअरी आज बंद झाल्या, तर दहा-पंधरा वर्षांनी कदाचित. नाहीतर नाही."

"दहा-पंधरा वर्षं," चाची म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. "मग राहू दे."

गोदाच्या घरामागून पंपाचा आवाज येत होता. मनस्विनी थोडा वेळ ओट्यावर बसून राहिली. चाचींनी तिला चहा विचारला नाही. टँकरचं पाणी पुरवून पुरवून वापरावं लागे, हे तिला माहीत होतं. साडेचारच्या गाडीसाठी ती पायऱ्या चढून सड्यावर आली. टँकरची रांग आधीच लागली होती, कळश्या ओळीनं ठेवलेल्या, बायका सावली शोधून बसलेल्या. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "मॅडम, आमच्या पाण्याचा काय निकाल लागला?"

मनस्विनी काही बोलणार तेवढ्यात एसटी आली, आणि ती गाडीत चढली.