माझ्या काठांतला हिंदी महासागर

माझी पणजी घागर होती, आजी घंगाळ आणि आई बटलोई. एकीचा तळ झिजला की तिला वितळवायचे आणि त्याच पितळेतून दुसरी घडवायची, असा आमच्या घराण्याचा रिवाज. मित्रांनो, त्या तिघींचे पितळ अंगी वागवणारी मी एक जुनी परात आहे. मुक्काम हिंगणघाट, आनंदाबाईंचे घर. नीट बसा आणि ऐका. माझ्यात महासागर फिरला आहे, आणि असे म्हणण्याचा अधिकार गावातल्या दुसऱ्या कोणत्याही भांड्याला नाही!

माझा घेर दोन हातांचा. पन्नास माणसांची कणीक मी एका वेळी पोटात घेत असे. गल्लीतले एकही लग्न माझ्यावाचून उभे राहिले नाही. ज्या घरी जाई तिथून परतताना माझ्यात काहीतरी असेच. चिवडा, बोरे, निदान मूठभर गहू. आमच्याकडे उसने नेलेले भांडे रिकामे परत करीत नाहीत.

एकवीस वर्षांपूर्वी शेजारच्या रुख्माबाईंच्या लेकीचे, कमलाचे, लग्न झाले आणि मी रिकामी परतले. पाठवणीच्या गडबडीत राहून गेले, एवढेच. आनंदाबाईंनी मला फळीवर चढवले आणि रुख्माबाईंशी बोलणे सोडले. रुख्माबाईही मानी, चूक कळूनही आल्या नाहीत. त्या अबोल्याची सगळी धूळ माझ्यावर बसली.

यंदा कमलाची मुलगी सुरभी शिकायला आजीकडे आली आणि एके दिवशी थेट आमच्या दारात उभी राहिली. शनिवारी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला महासागराचे प्रवाह दाखवायचे होते. तिच्या चौकोनी टबात पाणी कोपऱ्यांतच अडत होते. तिला मी हवी होते.

“काऊन, आजीनं पाठवलं का?” आनंदाबाईंनी विचारले.

“नाई. तिले मालूमच नाई.”

आनंदाबाईंनी मान वर करून फळीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “रविवारी भांडेवाला येऊन राह्यला. शनिवारी पाणी फिरलं तं परात ठेवतो. नाई तं मोडीत देतो.”

मोडीचे भय मला नाही. माझे घराणेच त्या वाटेने आले. पण हल्ली मोडीच्या पितळेतून परात होत नाही, नळाच्या तोट्या होतात. पणजीचे पितळ तोटीत जावे? छे!

सुरभीने मला आमच्या ओसरीवरच चिंचेने घासले. माझ्या उत्तर काठाला विषुववृत्त मानले, काळ्या मातीने पश्चिमेला आफ्रिका आणि पूर्वेला ऑस्ट्रेलिया थापले, पाणी ओतले, ज्वारीच्या लाह्या सोडल्या आणि टेबलफॅन लावला. सगळ्या लाह्या आफ्रिकेच्या पायथ्याशी जाऊन चिकटल्या. शुक्रवारपर्यंत हेच. आनंदाबाई दारातून पाहत होत्या. आयुष्यभर धान्य पाखडलेल्या बाई त्या. वारा त्यांना कळतो. एका वाऱ्याने पाणी नुसते ढकलले जाते, दुसरा वारा कुठे आहे, असे त्यांनी विचारले. सुरभी थबकली. पुस्तकात दोन वारे होते! विषुववृत्ताकडचे पूर्वीय वारे पाणी पश्चिमेला नेतात आणि दूर दक्षिणेतले पश्चिमी वारे ते पूर्वेला आणतात. आनंदाबाईंनी पंखा बंद केला आणि सूप उचलले.

शनिवारी शाळेत आनंदाबाई दक्षिण काठाशी सूप घेऊन बसल्या. उत्तरेला सुरभीची मैत्रीण काजल होती, पण तिच्या हाताला सुपाची सवय नव्हती. पाणी उसळले, लाह्या विखुरल्या. परीक्षक येऊन उभे राहिले. माझा जीव काठाशी आला.

गर्दीतून रुख्माबाई पुढे झाल्या. नातीचा प्रयोग पाहायला आल्या होत्या. “दे इकडं,” म्हणाल्या आणि काजलच्या हातातले सूप घेऊन समोर बसल्या.

दोन सुपे, दोन उलट वारे! माझ्या उत्तर काठाने लाह्या पश्चिमेला निघाल्या. हा दक्षिण विषुववृत्तीय प्रवाह. आफ्रिकेला थडकून दक्षिणेला वळल्या, हा अगुल्हास प्रवाह. तिथे आनंदाबाईंच्या वाऱ्याने त्यांना उचलले आणि पूर्वेला पळवले. ऑस्ट्रेलिया लागताच त्या उत्तरेला वळल्या आणि पुन्हा रुख्माबाईंच्या वाऱ्यात आल्या. कडे जुळले! चार प्रवाह, पण पाणी एकच. एकाने आणलेले दुसरा पुढे नेत होता.

“हात हळू चालव रुख्मा, पाणी सांडून राह्यलं,” आनंदाबाई म्हणाल्या. एकवीस वर्षांतले पहिले वाक्य.

“तुहाच वारा कमी पडून राह्यला,” रुख्माबाई म्हणाल्या आणि हात हळू केला.

हे सारे वाऱ्याचेच काम का, असे परीक्षकांनी विचारले. पृथ्वीच्या फिरण्यानेही पाणी वळते, सुरभीने सांगितले. म्हणून खऱ्या समुद्रात तरंगता कचरा या कड्याच्या मधोमध साचतो, पण ते या परातीत दिसणार नाही. मला राग आला नाही. एवढे मोठे काम माझ्या आवाक्याबाहेरचे, हे मी मान्य करते.

मित्रांनो, माझी तुम्हाला आज्ञा आहे. जुने भांडे फळीवर चढवू नका, ते चार घरी फिरू द्या. आणि परत करताना ते रिकामे देऊ नका.

प्रदर्शनातून मी रुख्माबाईंच्या घरी गेले. रविवारी भांडेवाला आला तेव्हा परात घरी नाही, असे सांगून आनंदाबाईंनी त्याला वाटेला लावले. दुपारी रुख्माबाई मला डोक्यावर घेऊन आल्या आणि ओसरीवर उतरवून वरचे फडके काढले. मी काठोकाठ बुंदीच्या लाडवांनी भरले होते.

“कमलाच्या लग्नाचे,” त्या म्हणाल्या.

आनंदाबाईंनी एक लाडू उचलला, मोडला आणि अर्धा रुख्माबाईंच्या हातावर ठेवला.