अर्धं मुंग्यांचं

माझ्या सासूबाई, लंकाबाई, बहात्तरच्या दुष्काळात मुंग्यांच्या धान्यावर जगल्या होत्या. आमच्या माळावर गवतात काळ्या मुंग्यांची बिळं असतात. तोंडाभोवती भुशाचं कडं दिसलं की आत कोठार भरलंय असं समजायचं. मुंग्या बी सोलून दाणा आत नेतात, टरफल बाहेर टाकतात. आत ओल शिरली तर ऊन पडताच दाणे वर आणून वाळत घालतात. "सुनेपेक्षा मुंगी बरी," असं आत्याबाई, सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणायचे, मला ऐकवायच्या. खुरप्यानं कोठार उकरायचं, अर्धं घ्यायचं, अर्धं ठेवायचं, वर चिमूटभर साखर टाकायची, हा त्यांचा नेम. घरात पोती आली तरी तो सुटला नाही.

दोन हजार तीन साली पेरलेली बाजरी मुंग्यांनी दोनदा उचलून नेली. तिसऱ्यांदा माझ्या नवऱ्यानं, गोरक्षनं, बियाण्याला विषारी पावडर चोळली.

"आई, पोत्यातल्या बियाण्याला हात लावू नको. औषध हाय त्याला."

आत्याबाईंनी मान डोलावली. पोत्याला त्यांनी खरंच हात लावला नाही.

पेरणीनंतर आठवड्यानं मी विंचूरच्या बाजारात मेथी विकून घरी आले, तर त्या चुलीपुढे आडव्या. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम. तव्याशेजारी अर्धी भाकरी, दाराशी मातीनं भरलेलं खुरपं.

"आत्याबाई, इख लावलेली बाजरी खाल्ली तुम्ही!" मी ओरडले. राग असा आला होता की रडूही येईना.

"मुंग्यांनी नेली होती गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "मुंगी इख घरात नेईल का? तिला समदं कळतं. धुतली बी होती मी. तुम्हाला नाय ठेवली, उष्टी होती ना."

टेम्पोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नाशिक यायच्या आधीच त्या गेल्या.

सावडायच्या दिवशी मी एकटीच माळावर गेले. बीळ लगेच सापडलं. नेमाप्रमाणे अर्धी बाजरी त्यांनी परत आत लोटली होती, वर साखर टाकली होती. एरवी ती साखर सकाळपर्यंत उरत नसे. आता तशीच पांढरी पडली होती. बोटानं माती बाजूला केली, तर दाण्यांना धरून मुंग्या मरून पडलेल्या.

त्यांनाही कळलं नव्हतं.