मी गिळलेलं एक अक्षर

मी बोलतोय. हो, मीच, माईक. दचकू नका. आजवर माझ्यातून सगळे बोलले, पण 'बाबा रे, तुला काही म्हणायचंय का?' असं एकानेही विचारलं नाही. उलट जो तो आधी माझ्या तोंडावर टिचक्या मारणार, फुंकर घालणार आणि 'हॅलो, हॅलो' करणार. मी बहिरा आहे की काय? ऐकणं हाच तर माझा धंदा.

कारखान्यातून मी थेट साउंडवाल्याच्या दुकानात आलो. दुकान कॉलेजच्या फाटकासमोर. आमच्या गावात निम्मी वस्ती शिकायला आलेल्या पोरापोरींची. भाडं घेताना ती 'आमची मुलं' असतात, जिन्यात मोठ्याने हसली की 'बाहेरची' होतात, आणि नगरपालिकेची निवडणूक लागली की पुन्हा आमची.

निवडणूक म्हणजे साउंडवाल्याची सुगी. सकाळी मी एका पक्षाच्या गाडीवर, संध्याकाळी दुसऱ्याच्या. सकाळी ज्याला चोर म्हणायचं, संध्याकाळी त्यालाच विकासाचा महामेरू. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. गाडीवर ओरडणारा गडी दोन्हीकडे तोच असायचा, आणि त्याचा आवाज कधी बसला नाही.

त्या मोसमात गावचे पुढारी भाऊ नगराध्यक्षपदाला उभे होते. भाऊंना भाषण चढलं की हातवारे आवरायचे नाहीत. एका सभेत त्यांनी माझी मानगूट अशी पिरगाळली की आतली तारच निखळली. तेव्हापासून कोणी माझी मान आवळली की क्षणभर माझी वाचा जाते आणि त्याचं पहिलं अक्षर माझ्या पोटात राहतं. साउंडवाल्याने मला उघडून पाहिलं, चिकटपट्टी गुंडाळली आणि 'चालतंय की' म्हणून पुन्हा स्टँडवर चढवलं.

भाऊंचा डोळा पालिकेच्या अभ्यासिकेवर होता. जुन्या मंडईच्या वरची ती लांबलचक खोली. एका खोलीत चौघं राहणारी पोरं तिथे येऊन वाचत बसायची. भाऊंच्या मेहुण्याला तिथे व्यायामशाळा काढायची होती. मेहुणा एवढा आडवा होता की गरज त्याला होती हे खरंच, पण म्हणून काय पोरांच्या बुडाखालची बाकं काढायची?

या एकाच कारणासाठी रेक्टरबाई नगरसेवकपदाला उभ्या राहिल्या. मुलींच्या वसतिगृहातून नुकत्याच निवृत्त झालेल्या. वेळ झाली की फाटकाला कडी घालायच्या, मग बाहेर कोणी रडो की पाया पडो, म्हणून पोरींनी त्यांचं नावच 'कडी' ठेवलेलं. बाकीच्यांच्या भाषणात बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, बाईंच्या भाषणात नुसती कडी. कॉलेजच्या चौकात त्या मला हातही न लावता म्हणाल्या, "अभ्यासिका बंद होऊ देणार नाही. मत देणार असाल तर द्या. नाही दिलंत तरी चालेल, पण तिथे फोनवर बोलताना दिसलात तर याद राखा."

झालं, एवढंच भाषण! साउंडवाला गुंडाळलेली वायर अजून सोडवत होता. पण ज्या पोरी एके काळी त्यांच्या नावाने बोटं मोडून भिंतीवरून उड्या मारत, त्यांनीच रांगा लावून बाईंना निवडून आणलं. भाऊही निवडून आले. आणि साउंडवाल्याला पालिकेच्या सभागृहाचं काम मिळालं, तेव्हा 'नवीन माईक' म्हणून तिथे मी गेलो.

सभागृहाची तऱ्हा तुम्हाला सांगायला हवी. तिथे हात वर करून मतं मोजण्याचा त्रास कोणी घेत नाही. भाऊ 'मंजूर' किंवा 'नामंजूर' म्हणतात आणि त्यांची माणसं मोबाईलमधून मान न काढता बाकं वाजवतात. पहिल्याच सभेत विरोधी बाकावरचे एक आजोबा हरकत घ्यायला उठले. भाऊंनी डोळ्याने खुणावलं, साउंडवाल्याने माझा आवाज बंद केला. आजोबा बेंबीच्या देठापासून ओरडले. भाऊ शांतपणे म्हणाले, "माईकवर आलं नाही, ते सभेत आलं नाही." कारकुनाने मान डोलावली. त्या दिवसापासून तोच कायदा.

मग अभ्यासिकेचा दिवस आला. ठराव नामंजूर झाला तर दुसऱ्या दिवशी कुलूप लागणार होतं. वर गॅलरीत पोरंपोरी दाटीवाटीने बसलेली, वह्या मांडीवर, तोंडं उतरलेली. बाईंनी ठराव मांडला, 'अभ्यासिका आणखी वर्षभर आहे तिथेच चालू राहावी.' आवाज तोच करडा, पण मी अगदी जवळ होतो. त्यांचा श्वास थरथरत होता. कडी घालणाऱ्या बाईला त्या दिवशी भीती वाटत होती, आणि मला त्यांची फार फार माया आली.

भाऊ उठले. माझी मानगूट सवयीने आवळली आणि दणकून म्हणाले, "नामंजूर!"

कर्ण्यातून आलं, "मंजूर!"

भाऊंच्या माणसांनी धडाधड बाकं वाजवली.

भाऊंनी बाकांकडे डोळे वटारले. माझी मान आणखी आवळून ते ओरडले, "नामंजूर!" सभागृहभर घुमलं, "मंजूर!" पुन्हा बाकं वाजली, या वेळी जरा जास्तच उत्साहाने. गॅलरीतली पोरं पोट धरून हसत होती. भाऊ मला ढकलून घसा फोडून सांगू लागले, की मी ना म्हटलं, ना! तेव्हा ते विरोधी आजोबा सावकाश उठले आणि म्हणाले, "भाऊ, माईकवर आलं नाही, ते सभेत आलं नाही."

भाऊंनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून छताकडे पाहत होता. स्वतःच घातलेली कडी काढायची कशी, हे भाऊंना कोण सांगणार?

ते अक्षर मी मुद्दाम गिळलं का, असं पोरं अजून विचारतात. अहो, मान आवळली की मलाच नव्हे, कोणालाही नीट बोलता येत नाही.

त्याच दिवशी भाऊंनी मला भंगारात टाकायला सांगितलं. बाईंनी मला वाटेतच उचललं. आता मी अभ्यासिकेच्या कपाटावर असतो, 'येथे बोलू नये' या पाटीखाली. खाली पानं उलटल्याचा आवाज येतो, क्वचित एखाद्याच्या घोरण्याचा. आयुष्यभर भाषणं सोसलेल्याला याहून मोठा स्वर्ग कोणता?

पण एक सांगतो, ऐका. सभागृहात आता नवा माईक आलाय, चकचकीत. तो एकही अक्षर गाळत नाही. आणि ठराव वर्षभरापुरताच आहे, पुढच्या साली तो पुन्हा येणार. तेव्हा ते 'ना' गिळायला मी तिथे नसेन. म्हणून पोरांनो, परीक्षा संपली की गाव सोडून पळू नका. गॅलरीत या. मोठ्याने बोला. माझं काय, मला आता गप्प बसायचंय, नाहीतर बाई ओरडतील.