टेकाडापलीकडचा झाग

वाळवंट म्हणजे उंटांनी करून ठेवलेलं पाप, हे तालुक्याच्या वनखात्यात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. पटत नव्हतं ते फक्त गोबीच्या वाळवंटात जन्म काढलेल्या डुलमाला. पण तिला विचारतो कोण?

पाच वर्षांपूर्वी खात्यानं तिच्या निम्म्या कुरणाला तारेचं कुंपण घातलं. आतल्या झागच्या झुडपांना उंटानं तोंड लावायचं नाही, असा हुकूम. आज खात्याचे च्यू साहेब निकाल लावायला येणार होते. कुंपणानं झाग वाढला असेल, तर उरलेल्या कुरणालाही कुंपण आणि डुलमाचे बावीस उंट बाजारात. वाढला नसेल, तर तारा निघणार.

"ताई, रस्त्याकडची बाजू दाखव, चहा पाज आणि वाटेला लाव," धाकटा भाऊ जांबा म्हणाला. "टेकाडापलीकडे तेवढं नेऊ नकोस."

रस्त्याकडच्या बाजूला पाच वर्षांत एक उंट फिरकला नव्हता, आणि तिथला झाग वाळून काटक्या झाला होता. उंटानं शेंडे खुडले की झागला खालून नवे फुटवे येतात. कुणी खुडलंच नाही तर झुडूप उभ्या उभ्या म्हातारं होतं. हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. टेकाडापलीकडे मात्र कुंपण वाऱ्यानं आडवं झालं होतं, आणि डुलमानं ते उभं करायची मुळीच घाई केली नव्हती. तिचे उंट दर हिवाळ्यात तिथे चरत. तिथला झाग कमरेच्या वर, हिरवागार.

साहेब आले. वाळलेला झाग बघून त्यांचं तोंड उतरलं, तसा डुलमाच्या जिवात जीव आला. त्या आनंदात तिनं मीठ घातलेला दुधाचा चहा ओतला. एक वाटी, दुसरी, तिसरी. पाहुण्याची वाटी रिकामी ठेवायची नाही, ही हाडात मुरलेली रीत, आणि तीच बाईला नडली. तिसऱ्या वाटीनंतर साहेबांना आडोसा हवा झाला. गोबीत आडोसा म्हणजे ते एकच टेकाड.

साहेब परतले ते जवळजवळ धावतच. "डुलमाबाई, एवढं सोनं लपवून ठेवलंत? याला म्हणतात कुंपणाची किमया."

जांबानं कपाळाला हात लावला. डुलमानं मनाशी हिशेब केला: गप्प बसले तर उंट जातील, खरं बोलले तर फार तर दंड होईल.

"साहेब, तिथलं कुंपण तीन वर्षं पडलंय. माझे उंट तिथेच चरतात. गुन्हा कबूल आहे, लावा दंड."

साहेब हसले आणि दोघांना टेकाडापलीकडे घेऊन गेले. "बाई, किती हा साधेपणा. उंट चरले असते तर इथे वाळू उरली असती."

"लेंड्या बघा की पायाखाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"वाऱ्यानं आल्या असतील."

"उंटही वाराच आणत असेल मग," जांबा पुटपुटला.

डुलमाचा आता संताप झाला. तिनं खळग्याकडे तोंड करून हाक दिली. बावीसच्या बावीस उंट डुलत आले आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत सवयीनं शेंडे खुडू लागले.

साहेबांनी वही काढली. "बघा, आजच घुसले. बरं झालं, वेळेवर आलो." मग रस्त्याकडच्या वाळलेल्या झागच्या नोंदीपुढे त्यांनी लिहिलं, 'उंटांच्या चराईनं नष्ट.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं? उरलेल्या कुरणाला कुंपण मंजूर झालं, उंट विकायला महिन्याची मुदत मिळाली. दंड मात्र माफ, कारण बाईंनी एवढी हिरवळ राखली होती. उपकारच म्हणायचे.

"आता झागमध्ये उभ्या राहा," साहेबांनी कॅमेरा काढला. "वाळवंटाला हरवणारी डुलमाबाई म्हणून कचेरीत लावतो."

"मग उंटांनाही घ्या. काम त्यांचं आहे."

"उंट नकोत. लोकांचा उगीच गैरसमज होईल."

जांबानं उंट बाजूला हाकलले. थोरली सांडणी काही हलेना. हिची आई मेल्यावर डुलमानं हिला स्वतःच्या हातानं दूध पाजून जगवलं होतं. ती डुलमाच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली. महिन्यानं ही खाटकाच्या दारात असणार, या विचारानं डुलमाला रडू आवरेना.

"असंच राहा बाई, असंच," साहेब म्हणाले. "आनंदाचे अश्रू फोटोत छान येतात. फक्त ते जनावर काढा."

जांबानं सांडणीची दोरी ओढली.